ओढून पाहिलेलं दार

३ फेब्रुवारी

धाकट्या,
आणि तुझ्यासारख्या, यंत्रांचे प्रोग्राम लिहून पोट भरणाऱ्या सर्वांनो,

तुमची एक तक्रार आहे आणि ती माझीही आहे. आपल्याला वेळ देत नाहीत. तारीख आधी ठरते, काम नंतर सांगतात, आणि काही बिघडलं की ते कुणी बिघडवलं हे शोधायला मात्र सगळ्यांना वेळच वेळ असतो. या तक्रारीसाठी मी तुमच्या बाजूने कुठल्याही व्यासपीठावर उभी राहीन. पण वेळ नव्हता म्हणून आपण जे केलं, ते कुणाच्या अंगावर उतू गेलं, हे विचारायलाही मीच उभी राहीन.

झालं भाषण. तू आत्ता कपाळाला हात लावला असशील. "दूध उतू चाललंय एवढं सांगायचं असलं तरी ताई आधी 'बंधू-भगिनींनो' म्हणते," असं तू लहानपणी घरभर सांगत हिंडायचास. आता दूध उतू गेलेलं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

मावशी भाजली. धुलाईखान्यात. आपल्या यंत्रावर.

मोठ्या ड्रमचं दार उघडलं आणि आतलं उकळतं पाणी चादरींसकट तिच्या अंगावर आलं. ती रुग्णालयात आहे. हात बरे होत आहेत, काळजी नको. काळजीची गोष्ट वेगळी आहे. तुझ्या कंपनीने धुलाईखान्याच्या मालकाला कळवलंय की यंत्रात दोष नाही, कामगार बाईने चालू यंत्राचं लॉक लागलेलं दार जोर लावून उघडलं. मालकाने तिला कामावरून कमी केलं. तिच्या जबाबदारीवर घेतलेलं यंत्र, असंही वर ऐकवलं.

ते खरंच तिच्या जबाबदारीवर घेतलेलं होतं, हे तू विसरला नसशील. पहिलं यंत्र चालवून बघायला कंपनीला जागा मिळत नव्हती. हॉटेलांच्या आणि रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या त्या मालकाकडे मावशी स्वतःहून गेली आणि म्हणाली, "घ्या हो. माझ्या पोरांनी केलंय." आई गेल्यावर आपल्याला वाढवणाऱ्या बाईने आपल्या नावाने दिलेला तो शब्द होता.

अपघाताची सरकारी चौकशी होणार आहे. दोष तिचा ठरला तर उपचार तिचे, नोकरी गेलेली, आणि उरलेल्या आयुष्यात ती "दार उघडणारी बाई." मी सध्या घरीच असते. वाचन चालू आहे. तिच्याकडे रोज जाते.

तुला ही बातमी कुणी सांगितली होती का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. की बढती देऊन लांबच्या शाखेत पाठवताना सोबत कापसाचे बोळेही दिले होते?

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राला उत्तर म्हणून फोनवर आलेल्या तुझ्या तीन ओळी वाचल्या. "यंत्राच्या नोंदीत लॉक लागलेलं दिसतंय. मावशीने सवयीने ओढलं असेल. वाईट वाटलं, पण माझा यात संबंध नाही, आणि कृपा करून भाषण नको."

वाईट वाटलं! शेजारच्याचं मांजर मेलं की वाटतं तेवढं.

भाषण करत नाही. सराव करते. चौकशी अधिकाऱ्याला हे सगळं साध्या भाषेत सांगायचं आहे, तेव्हा तुला आधीच ठाऊक असलेली गोष्ट तुलाच सांगते. चुकलं तर दुरुस्त कर.

यंत्राच्या पोटात मी लिहिलेला एक प्रोग्राम आहे. त्याला आपण राखणदार म्हणायचो. यंत्राच्या मेमरीला हात लावायचा तो फक्त त्याने, कारण त्या मेमरीत नुसते आकडे नसतात, आकडा बदलला की बाहेर खरीखुरी वस्तू हलते. दिवा लागतो, पाणी सुटतं, दाराची कडी पडते. बाकीच्या प्रोग्रामांनी राखणदाराला विनंती करायची. तो रांग लावतो, एकाचं काम पुरतं झालं की दुसऱ्याचं ऐकतो. हळू आहे. दारावर उभा राहणारा माणूस धावपटू नसतो.

तू लिहिलास स्क्रीनचा प्रोग्राम. चित्रं, बटणं, आणि दारावरचा लुकलुकणारा लाल दिवा. तो दिवा राखणदाराच्या रांगेतून जाताना अडखळायचा. लुकलुकण्याऐवजी आचके द्यायचा. म्हणून तू रांग सोडलीस आणि थेट मेमरीत हात घातलास.

आता पाटी. त्या मेमरीच्या एका घरात आठ गोष्टी एकत्र राहतात. आठ शब्दांची एक पाटी समज. तुझा दिवा आणि दाराची कडी एकाच पाटीवर आहेत. आणि पाटीचा नियम असा, की एक शब्द बदलायचा तर सगळी पाटी पुसून आठही शब्द पुन्हा लिहायचे. तू पाटी वाचलीस: "दिवा बंद, कडी उघडी." तू मनात तयारी केलीस: "दिवा चालू, बाकी होतं तसं." तुझ्या त्या दोन क्रियांच्या मध्ये, डोळ्याची पापणी लवायलाही पुरणार नाही एवढ्या फटीत, राखणदार आला आणि त्याने लिहिलं: "कडी घातली." आणि मग तू तुझ्या मनातली शिळी पाटी त्याच्यावर लिहिलीस. दिवा चालू. कडी उघडी.

तुला कडीशी काही देणंघेणं नव्हतं. तू कडीकडे बघितलंही नाहीस. तेच तर.

राखणदाराने कडी घातल्याची नोंद केली आणि तो पुढच्या कामाला लागला. तुझ्या आडवाटेवर तो उभाच नाही, तर तुझी नोंद कुठून करणार? दार लोटलंय की नाही हे सांगणारा सेन्सर होता. कडी पडली की नाही हे सांगणारा नव्हता, तो "पुढच्या मॉडेलमध्ये" बसणार होता. तेव्हा कंपनी जी नोंद नाचवते आहे, ती माझ्याच प्रोग्रामची प्रामाणिक जबानी आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. आणि त्या आंधळ्याची साक्ष काढून मावशीला दोषी ठरवणार आहेत. मी लिहिलेलं, खोटं न बोलणारं, माझं आंधळं.

ती बैठक तुला आठवते. तू नाही म्हणालास तरी मला आठवते. प्रदर्शन तोंडावर आलेलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा राखणदार डुलक्या काढतो. गिऱ्हाईक दिव्याकडे बघतं."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक दिव्याकडे बघतं, हात दारात असतो."

तू म्हणालास, "ताई, एक दिवा आहे गं तो! मी काय तिजोरी फोडतोय?"

यंत्रं तपासणारा आपला शंकासुर, ज्याला चहातही साखरेची शंका येते, तो बिचारा म्हणाला, "एकदा तपासून बघू का?" त्याने यंत्र दिवसच्या दिवस चालवलं. काही झालं नाही. होणारच नव्हतं. असली चूक साक्षीदारांसमोर होत नसते. ती लाख वेळा शहाण्यासारखी वागते आणि मग एकदा, कुणी बघत नसताना, डंख मारते. साहेब खुशीत म्हणाले, "बघा! बाईंचं भाषण आणि कोरडा पाऊस." सगळे हसले. तूही हसलास. मी सगळ्यांसमोर तुला फितूर म्हटलं. किल्ले तोफांनी पडले त्याहून जास्त आतून दार उघडणाऱ्यांनी पडले, असंही म्हटलं. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

शब्द मागे घेतलेला नाही.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. हात बरे होत नाहीयेत. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत. उजव्याची मिटतात, पण पेला धरला तर गळून पडतो. हे लिहिलं तर तू घाबरून लपशील असं वाटलं होतं. तू न घाबरताही लपलेलाच आहेस, मग मी का लपवू?

काल तिच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते. तुला माझ्या भाषणाचा कंटाळा येतो, तिच्या बोलण्याचा कधी आला नाही.

मी भात भरवत होते. ती म्हणाली, "घास केवढा करतेस? मी काय बैल आहे?" मग म्हणाली, "मीच ओढलं गं दार."

"ओढलंस म्हणजे कसं? आठव बघू."

"आता कसं म्हणजे? ओढतात तसं. नेहमी ओढते तसं."

नेहमी ओढते तसं! धाकट्या, तुला सांगायला हवं का? घराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघायची. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायची आणि पुन्हा ओढून बघायची. बस चुकायची. तू चिडून म्हणायचास, "मावशी, एक दिवस कडीच उपटून हातात येईल." आणि ती म्हणायची, "येऊ दे. ओढल्याशिवाय कुलूप कसलं? नुसती लोंबती भाकरी."

धुलाईखान्यातही तेच. जुन्या यंत्रांची दारं पाणी भरल्यावर घट्ट बसायची, म्हणून पाण्याचा आवाज थांबला की ती रांगेतून चालत जायची आणि एकेक मूठ ओढून बघायची. लागलंय, लागलंय, लागलंय. इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी तिची मैत्रीण मला म्हणाली, "आम्ही हसायचो हो तिला. म्हणायचो, सासू आली दारं बघायला. पण ती असली की आम्ही बिनघोर असायचो."

तेव्हा, हो. ओढलं. उघडायला नाही, लागलंय ना हे बघायला ओढलं. अख्ख्या कारखान्यात कडी पडली आहे की नाही हे स्वतःच्या हाताने तपासणारं एकच माणूस होतं. तुमच्या यंत्रात जो सेन्सर नव्हता, तो मावशी होती.

कंपनीचा माणूस फळांची करंडी घेऊन आला होता. गोड बोलला. "मावशी, तुम्ही दार ओढलं होतं ना? एवढंच सांगा."

"ओढलं होतं."

"बस, बस. आराम करा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाकडूनच दोर वळून घेतला.

मी तिला पाटीची गोष्ट सांगितली. दिवा, कडी, शिळी पाटी, सगळं. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे बाळाकडून झालं?"

मी म्हटलं, "हो."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तर मग मीच ओढलं असं राहू दे. माझं काय, अर्धं आयुष्य झालंय. त्याची नोकरी जाईल."

बघ. तुला वाचवायला माणूस तयार आहे. कंपनीहून स्वस्तात.

मी तिच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले, खाटेवर पडलेल्या बाईवर. नर्सने मला बाहेर काढलं. दारातून ऐकू आलं, ती नर्सला सांगत होती, "रागीट आहे, पण वाचते फार."

ताई


२ मार्च

धाकट्या,

काल चौकशीची पहिली तारीख झाली. लहानशी खोली, लांबट टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. तिथे वेळ न देण्याची तक्रार तरी करता येणार नाही.

मी बोलले. तुला ठाऊक आहे मी बोलायला उभी राहिले की काय होतं. पाटी सांगितली. राखणदार सांगितला. म्हटलं, महाराज, आजकाल दिवा नीट लुकलुकावा म्हणून माणसं दाराची कडी पणाला लावतात. म्हटलं, ज्या वाटेवर पहारा नाही त्या वाटेची नोंद नसते, आणि नोंद नाही म्हणून गुन्हा नाही असं म्हणणं म्हणजे रात्र झाली म्हणून रस्ता नाहीसा झाला म्हणण्यासारखं आहे. मला वाटलं, जिंकलं.

अधिकारी सज्जन आहे. चष्मा काढून म्हणाला, "बाई, तुम्ही सांगता ते मला समजलं. पण हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, की तर्काने सांगताय?"

"माझ्यासमोर ठरलं होतं, साहेब."

कंपनीचा वकील उठला. "या बाई कंपनीतून काढलेल्या आहेत. शिस्तभंगावरून. राग असणं स्वाभाविक आहे."

हो. मी घरी आहे म्हणून लिहिलं होतं, का ते नव्हतं लिहिलं. प्रदर्शनानंतर साहेबांच्या दालनात जाऊन मी एक भाषण केलं. ते शेवटचं. तू तेव्हा बदलीच्या सामानाची बांधाबांध करत होतास, तुला कळलं नसेल. किंवा कळलं असेल.

वकील पुढे म्हणाला, "स्क्रीनचा प्रोग्राम यंत्राच्या मेमरीत थेट लिहीत नाही. अशी वाट आमच्या यंत्रात नाही." आणि खरोखरच आता नाही! अपघातानंतर सगळ्या यंत्रांवर नवीन आवृत्ती चढवली. सोबत चिठ्ठी: "किरकोळ सुधारणा." धुलाईखान्यातल्या त्या यंत्रावर तर आधी चढवली, तपासणीचा हात लागायच्या आत. मी विचारलं, "वाट नव्हतीच, तर सुधारलं काय?" वकील म्हणाला, "अक्षरांचा आकार."

अक्षरांचा आकार.

शंकासुर आला होता. मागच्या खुर्चीत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो बुटांकडे बघत राहिला. बाहेर जिन्यात मला गाठून म्हणाला, "ताई, मला सगळं दिसतंय हो. पण माझी दोन लेकरं शाळेत आहेत." ज्याला आयुष्यभर सगळ्याची शंका आली, त्याला या एका गोष्टीची खात्री होती, आणि नेमकी तीच त्याला बोलता येईना. कुणाला काही न बोलता मी जिना उतरले, असं पहिल्यांदाच झालं असेल.

निघताना अधिकाऱ्याने मला थांबवलं. म्हणाला, "बाई, तुम्ही छान बोलता. पण मला छान नको, सरळ हवं. ज्याने तो प्रोग्राम लिहिला, त्याने येऊन सांगितलं तर माझं काम एका मिनिटाचं आहे. नाही आला, तर यंत्राची नोंद आणि मावशींचा कबुलीजबाब, एवढंच माझ्यापुढे आहे."

इतकी वर्षं भाषणं केली. माणसं हलवली, टाळ्या घेतल्या. आणि मावशीला वाचवायला लागतो एक शब्द, तो माझ्या तोंडचा चालत नाही. तुझ्या तोंडचा चालतो, ज्याने जन्मात चार लोकांसमोर तोंड उघडलं नाही. हा विनोद कुणी रचला असेल, त्याला माझा नमस्कार सांग.

ताई


६ मार्च

धाकट्या,

मावशी घरी आली. माझ्याकडे आहे.

आज मलमपट्टीसाठी निघालो. कुलूप मी लावलं, तिच्या हाताला किल्ली फिरवता येत नाही. किल्ली पिशवीत टाकली आणि सवयीने वाट बघत उभी राहिले, की आता ही पुढे होईल, ओढून बघेल, मग चार पावलं जाईल, मग परत येईल. ती सरळ चालू लागली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. परत आली नाही. मी म्हटलं, "मावशी, कुलूप?"

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "नको गं. आपण ओढायला जावं आणि काहीतरी व्हावं."

उपचार, नोकरी, बदनामी हे सगळं मी पेलीन. हे नाही पेलत. जी बाई जगात एकटी खात्री करून घ्यायची, तिला यांनी खात्री करण्याची लाज वाटायला लावली. आणि तिला अजून वाटतं की गप्प राहून ती तुला वाचवते आहे. काल रस्त्यात कुणाशी तरी बोलताना ऐकलं, "आमचा धाकटा मोठ्या शाखेत आहे. यंत्रांच्या मेंदूत थेट हात घालतो." अभिमानाने सांगत होती.

तुझी भीती मला कळते. नोकरी जाईल. साहेब म्हणतील, कुणी सांगितलं होतं तुला आडवाट काढायला? आणि कागदावर साहेबांची सही कुठेच नसेल, कारण तोंडी हुकूमही राखणदाराला चुकवूनच येतात. तेव्हा मी उठून सांगेन कुणी सांगितलं होतं. तेवढी साक्ष माझी चालेल, कारण त्या बैठकीत मी हजर होते, आणि ओरडत होते. मी तुझ्या बाजूला उभी राहीन. समोर नाही, बाजूला. फितूर हा शब्द मागे घ्यायचा की नाही, ते सोमवारी चौकशीची पुढची तारीख आहे, तिच्यानंतर ठरवीन.

भाषण देऊ नकोस, पाटी समजावू नकोस, माफी मागू नकोस. माफीने कुणाची बोटं मिटत नाहीत. अधिकारी एकच प्रश्न विचारणार आहे: "तुमचा स्क्रीनचा प्रोग्राम मेमरीत थेट लिहीत होता का?"

सोमवारी सकाळी अकरा वाजता ये, त्या खोलीत उभा राहा, आणि "हो" म्हण.

ताई